बोअरिंगचं पाणी आणि लिंबूसत्त्व

आपल्या इंदूरात नर्मदेचा नळ बहुतेक ठिकाणी एक दिवसाआड, म्हणून मधल्या दिवशी सगळी भिस्त बोअरिंगवर. ते पाणी जड. तापवलं की त्यातल्या कॅल्शियमचा पांढरा थर केटलीच्या तळाशी आणि वॉशिंग मशीनच्या हीटरवर बसतो. मग पाणी तापायला वेळ लागतो, वीज जास्त जाते आणि शेवटी हीटरच जळतो. मेकॅनिक बोलावण्याआधी किराणा दुकानातून लिंबूसत्त्व आणा. सियागंजात सुटं मिळतं, फार स्वस्त पडतं.

केटलीत लिटरभर पाणी, एक मोठा चमचा लिंबूसत्त्व. उकळी आली की बंद करून अर्धा तास तसंच राहू द्या. थर आपोआप सुटतो, घासायची गरज नाही, आणि तारेची घासणी तर मुळीच लावू नका. नंतर दोनदा साधं पाणी उकळून फेका.

मशीनमध्ये शंभरेक ग्रॅम, रिकामा ड्रम, साबण नाही, 60 अंशांवर एक फेरी. आमच्याकडे दर दोन महिन्यांनी हे करतो.

एक मात्र कळकळीनं सांगते: त्याच वेळी ब्लीच अजिबात घालू नका. दोन्ही मिसळले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.