टेकाडापलीकडचा खांब दिसत नाही तेव्हा

सर्वेअरचा कोर्स करून नुकत्याच कामाला लागलेल्या पोरांना मशीन झकास चालवता येतं. पण पन्हाळा, भुदरगडकडच्या डोंगरउतारावर कुंपणाची लाइन आखायला दोन दांडे आणि शेतकऱ्याचे डोळे पुरतात, हे शिकायला वेळ लागतो.

हद्द कुठली हे आपण ठरवायचं नाही. ते काम भूमी अभिलेखच्या भूकरमापकाचं. मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे हद्दीचा नकाशा, आणि दोन्ही टोकांच्या खुणा जागेवर असतील तरच कामाला हात घाला. दोन खुणांमध्ये नकाशात वाक आहे का, तेही बघा.

आता टेकाड मध्ये आलं, की या टोकावरून ते टोक दिसत नाही. मग माथ्याच्या दोन्ही अंगांना दांडा धरून एकेक माणूस उभा करायचा, असा की प्रत्येकाला समोरचा दांडा आणि त्याच्या मागचं पलीकडचं टोक दिसावं. पहिला दुसऱ्याला सरकवून टोकाच्या रेषेत आणतो, मग दुसरा पहिल्याला. आळीपाळीने हे चालू ठेवलं की सरकणं कमी कमी होत थांबतं, आणि दोन्ही दांडे व दोन्ही टोकं एका ओळीत येतात. पुस्तकात याला रेसिप्रोकल रेंजिंग म्हणतात. नजर दांड्याच्या बुडाशी ठेवा, शेंडा कललेला असू शकतो.

समोरासमोरच्या माणसांचं डावं-उजवं उलटं असतं, म्हणून मी ‘उसाकडं सरका’, ‘विहिरीकडं या’ असंच सांगतो. आणि ते दोन दांडे मी शक्यतो दोन्ही शेजाऱ्यांच्याच हातात देतो. स्वतःच्या डोळ्यांनी जुळवलेल्या रेषेवर सहसा कोणी भांडत नाही राव!

खांबांची अंतरं मोजताना टेप आडवा, ताणून धरा, आणि टोकाला ओळंबा सोडा. नकाशातलं अंतर आडवं असतं. 30 मीटर टेप उतारावर जमिनीलगत टाकलात आणि चढ 5 मीटरचा असला, तर आडवं अंतर 29.58 मीटरच भरतं. दोरी मात्र माथ्यावरून एका दमात ओढू नका. गवताला अडकून बाजूला सरकते. टप्प्याटप्प्याने चुन्याची फक्की टाका.

खांबाचा मध्य रेषेवर घ्यायचा की अख्खा खांब एकाच्याच रानात, हे खड्डे मारायच्या आधी दोघांकडून वदवून घ्या. खर्च निम्मा-निम्मा असेल तर मध्य रेषेवर, एकटाच करत असेल तर खांब त्याच्याच बाजूला.