कमरेला पिस्तूल आहे म्हणून अस्वलाच्या जंगलात निर्धास्त? या चुका टाळा

अलास्का किंवा अमेरिकेतल्याच यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या ट्रेकचा बेत ठरला की गप्पा हमखास एका प्रश्नावर येतात: ग्रिझली, म्हणजे तिथलं दांडगं तपकिरी अस्वल, अंगावर आलं तर कोणतं पिस्तूल पुरेल? ४४ मॅग्नम की १० एमएम (काडतुसांचे प्रकार), यावर तासन् तास वाद रंगतो. खरी मारामार वेळेची असते, तिच्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. ग्रिझली ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास धावतं. म्हणजे ३० मीटरवरच्या झुडपातून निघालेलं अस्वल दोन सेकंदांत तुमच्यापाशी. तेवढ्यात ते दिसायचं, पिस्तूल बाहेर यायचं आणि नेमही लागायचा.

म्हणून सर्वात घातक चूक म्हणजे पिस्तूल सॅकमध्ये ठेवणं. कमरेला लावलं तरी सुटका नाही. सॅकचा पट्टा आवळला की पिस्तुलाची मूठ त्याखाली दबते, आणि वर रेनकोट चढवला तर विचारूच नका. अलास्कातले वाटाडे आणि मासेमारी करणारे छातीवर होल्स्टर (पिस्तूल अडकवायचं म्यान) बांधतात ते याचसाठी. घरीच सॅक, जाकीट सगळं चढवा आणि रिकामं पिस्तूल काढून पाहा. तिथे अडकलं तर जंगलातही अडकणार.

दुसरी चूक गोळीची. घराच्या रक्षणासाठी घेतलेलं ९ एमएम, त्यात हॉलो पॉइंट गोळ्या, तेच उचलून लोक निघतात. ही गोळी अंगात शिरताच पसरते, त्यामुळे फार खोल जात नाही. अस्वलाची चरबी, स्नायू आणि हाडं भेदायला न पसरणारी टणक गोळी लागते. याच्या उलट टोकाला जाणारेही असतात: हाताला न झेपणारं भलंमोठं रिव्हॉल्व्हर घेतात, पहिल्या बारालाच नळी आभाळाकडे जाते आणि दुसरा बार काढायला उसंत मिळत नाही. शिवाय नेमबाजीच्या रेंजवरचा कागदी निशाणा जागचा हलत नाही. धावत्या अस्वलाचं डोकं खालीवर होत असतं.

अस्वलाशी गाठ पडली तेव्हा माणसाजवळ बंदूक होती, अशा अलास्कातल्या २६९ घटनांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अस्वलाला रोखण्यात पिस्तुलांना ८४ टक्के वेळा यश आलं होतं. पिस्तूलवाले हा आकडा मिरवतात, पण त्याच अभ्यासातलं पुढचं सांगत नाहीत: बंदूक चालवली काय, न चालवली काय, माणसं जखमी होण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखट फवारा, याच्यावरच्या २००८ च्या अभ्यासात, जवळून गाठ पडलेल्या स्प्रेधारकांपैकी ९८ टक्के जणांना इजा झाली नव्हती. माझं मत विचाराल तर आधी स्प्रे, मग हवं तर पिस्तूल. स्प्रेला केसासारखा बारीक नेम लागत नाही, समोर तिखट ढग उभा राहतो. फक्त तोही सॅकच्या तळाशी नको, डब्यावरची मुदत तपासा आणि तंबूवर फवारू नका. विमानात तो चेक-इन सामानातही चालत नाही, तिथे पोचल्यावरच घ्या. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात तर स्प्रेला बंदी आहे. तिथे ग्रिझली नाहीतच.

आता आपल्या मंडळींसाठी महत्त्वाचं. एच-१बी, विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूक जवळ बाळगणंच सहसा गुन्हा ठरतो. तिथला वैध शिकारी परवाना असेल तर अपवाद, पण आधी वकिलाला विचारा. मित्राचं पिस्तूल ‘जरा धरतो’ हेसुद्धा नको. गाडीने कॅनडातून अलास्काला जाणार असाल तर अस्वलापासून संरक्षण हे कारण सांगून सीमेवर पिस्तूल आत नेता येत नाही.

आणि समजा अस्वल मारावंच लागलं, तर अलास्कात काम तिथे संपत नाही. नखांसकट कातडं सोलून ते आणि कवटी राज्याच्या फिश अँड गेम (मासे व वन्यप्राणी) खात्याकडे जमा करायची, १५ दिवसांत लेखी अहवाल द्यायचा. शिकार तुमची नाही, सरकारची. उघड्यावर टाकलेल्या खरकट्यामुळे ते अस्वल आलं असेल, तर स्वसंरक्षणाचा बचावही टिकत नाही.