राष्ट्राध्यक्षांच्या सहीची सनद घेताना या चुका टाळा

अमेरिकेच्या सुरुवातीच्या राष्ट्राध्यक्षांच्या सह्या जमवू लागलेल्या माणसाची सर्वाधिक फसगत सरकारी जमिनीच्या सनदांमध्ये होते, आणि गंमत अशी की त्या सनदा बहुधा अस्सलच असतात. मार्च १८३३ मध्ये काँग्रेसने कायदा करून राष्ट्राध्यक्षांच्या वतीने सनदांवर सही करण्यासाठी सचिव नेमण्याची मुभा दिली. त्यानंतरच्या सनदेचे चर्मपत्र, मोहोर आणि मजकूर खरा असला, तरी ‘अँड्र्यू जॅक्सन’ हे नाव सचिवानेच लिहिलेले असते. त्यामुळे नाव दिसताच हरखून न जाता खालची ओळ वाचावी, तेथे ए. जे. डोनेल्सन, सचिव, असे असल्यास ती जॅक्सन यांची सही नव्हे. व्हॅन ब्यूरेन यांच्या सनदांत घोटाळा आणखी वाढतो, कारण सही करणारा सचिव त्यांचा मुलगा होता आणि त्याचे नावही मार्टिनच होते. विक्रेत्याने केवळ वरच्या ओळीचे छायाचित्र दाखवले, तर संपूर्ण पानाचे मागावे.

याच्या उलट चूक म्हणजे खरी सही नाकारणे. जेफरसन आणि मॅडिसन यांच्या काळातील जहाजांच्या परवान्यांवर राष्ट्राध्यक्ष कोऱ्या नमुन्यावरच सही करत आणि जहाजाचे नाव व तारीख पुढे बंदरावरील जकात अधिकारी भरत असे. अशा कागदावर दोन हस्ताक्षरे आणि दोन शाया दिसल्या, तर तेवढ्यावरून संशय घेण्याचे कारण नाही.

वॉशिंग्टन यांच्या बाबतीत मात्र संशयी असलेलेच बरे. एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट स्प्रिंग याने त्यांच्या नावाचे बनावट धनादेश आणि युद्धकाळातील परवाने जुन्या कागदावर लिहून विकले. कागद त्या काळातला आहे एवढ्यावर भिस्त ठेवणाऱ्याला तो आजही फसवू शकतो. ओघाविना, अक्षर चितारल्यासारखी रेघ दिसली, तर तज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. छापील प्रतिकृती ओळखणे त्यामानाने सोपे आहे: भिंगाखाली शाईचा गडद-फिका फरक आणि निबेचा दाब दिसत नाही.

खरेदीनंतर फाटलेल्या घडीवर चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर कदापि करू नये. लोहयुक्त शाई दमट हवेत कागद खाते आणि उन्हात फिकी पडते, म्हणून आम्लरहित पाकिटात, अंधाऱ्या आणि कोरड्या जागी कागद ठेवावा.