कोटणीस आणि ग्वो छिंगलान यांची प्रेमकथा कशी लिहावी

या प्रेमकथेची सुरुवात लग्नापासून करू नये. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठव्या रूट आर्मीच्या (जपानशी लढणाऱ्या चिनी कम्युनिस्ट सैन्याच्या) जखमी सैनिकांवर कसे उपचार करीत होते, हे आधी दाखवावे, कारण ग्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांची ओळख त्याच कामाच्या वातावरणात वाढली. उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात औषधांचा तुटवडा होता, हे विसरून चांदण्याची वर्णने करीत बसू नये (हा मोह फार होतो). १९४१ मधील विवाह दोन वाक्यांत आटोपावा. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा यिनहुआ जन्मला आणि ९ डिसेंबरला कोटणीस वारले. हे मधले महिने मात्र सावकाश, अलंकार टाळून लिहावेत.