ग्लायडरची बॅटरी: उड्डाणाआधी काय काय बघायचं

सुरुवात आदल्या संध्याकाळी करा. बॅटरी चार्जरवरून काढल्या काढल्या मीटर लावू नका. नुकत्याच चार्ज झालेल्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीचा आकडा फुगलेला असतो. रात्रभर नुसती ठेवा, सकाळी मोजा. 12.7 व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती भरलेली आहे. पण भांडं काठोकाठ भरलेलं असलं तरी तळाशी गाळ किती साचलाय, हे वरून कळत नाही. माझ्या जुन्या बॅटरीने सकाळी 12.7 दाखवले होते. तिसऱ्या तासाला बोलण्यासाठी रेडिओचं बटण दाबलं की व्हेरिओ (ग्लायडर किती वेगाने चढतोय किंवा उतरतोय ते दाखवणारं उपकरण) बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. बटण सोडलं की व्होल्टेज साळसूदपणे परत वर!

म्हणून मोसम सुरू होण्याआधी एकदा क्षमता मोजाच. पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीला 12 व्होल्टचा 10 वॉटचा दिवा जोडा, करंट साधारण 0.8 अँपिअर जातो. घड्याळ लावा आणि व्होल्टेज 10.5 वर आलं की दिवा काढा. शेवटच्या तासात जागचं हलू नका, कारण 10.5 च्या खाली व्होल्टेज झपाट्याने कोसळतं आणि बॅटरीचं नुकसान होतं. तास गुणिले अँपिअर, ही तुमची खरी क्षमता. ती तारखेसह बॅटरीवरच चिकटपट्टीवर लिहा आणि बॅटरी लगेच चार्जिंगला लावा. रिकामी ठेवली तर प्लेटांवर सल्फेट धरतं.

आता खर्च. रेडिओ नुसता ऐकताना 0.2, व्हेरिओ आणि फ्लाइट कॉम्प्युटर मिळून 0.3, फ्लार्म (जवळच्या विमानांशी टक्कर होऊ नये म्हणून इशारा देणारं यंत्र) 0.1, ट्रान्सपाँडर (रडारला आपली ओळख कळवणारं यंत्र) 0.4, असं धरलं तर 1 अँपिअर झाला. तुमच्या उपकरणांचे आकडे वेगळे असतील, ते स्वतः मोजा. पाच तासांना 5 अँपिअर-तास लागले. बॅटरीवर 7 छापलेलं असतं खरं, पण ते बहुधा वीस तासांत हळूहळू रिकामी करण्याच्या हिशोबाने. 1 अँपिअरने नवी बॅटरीही त्याहून कमी देते, आणि थंडीत आणखी कमी. चिकटपट्टीवर 4.5 लिहिलं असेल तर पाच तासांचं उड्डाण त्या बॅटरीवर ठरवू नका.

लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी असेल तर व्होल्टमीटरवर विसंबणं सोडाच. जवळजवळ शेवटपर्यंत ती 13 च्या आसपासच रेंगाळते आणि मग आतलं संरक्षक सर्किट एका क्षणात सगळं तोडतं. तिथे गेलेले अँपिअर-तास मोजणारा मीटरच हवा. चार्जरही तिच्यासाठीचाच, आणि शून्य अंशाखाली चार्जिंग करू नये. लेडच्या जागी ही बसवली तर वजन बरंच घटतं, तेव्हा गुरुत्वमध्याचा हिशोब पुन्हा करून घ्या, शेपटीतल्या बॅटरीबाबत तर नक्कीच.

मग कॉकपिटमध्ये बसा, सगळी उपकरणं चालू करा आणि रेडिओचं बटण दाबून धरून आकडा बघा. अर्धा व्होल्ट उतरला तर फारसं काही नाही. दीड उतरला तर बॅटरी थकलीय किंवा कुठे तरी टर्मिनल ढिलं आहे. आधी टर्मिनल बघा, ते स्वस्तात सुटतं. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ आहे ना, पट्टा घट्ट आहे ना, दुसऱ्या बॅटरीवर स्विच फिरवताना उड्डाणाची नोंद ठेवणारा रेकॉर्डर बंद पडत नाही ना, हे जमिनीवरच तपासा.

उतरल्यावर बॅटरी किती तास वापरली ते लिहून त्याच संध्याकाळी चार्जिंगला लावा.