गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, मग नाटक कशाचं?

परीकथेवरून पहिल्यांदाच नाटक लिहायला बसणारे बहुतेक जण गोष्टीच्या सुरुवातीपासून सुरुवात करतात. गरीब लाकूडतोड्या पहिल्या प्रवेशात येतो, दुष्काळ दुसऱ्यात, मुलं जंगलात हरवतात तिसऱ्यात. वीस मिनिटांच्या नाटकातली दहा मिनिटं अशीच जातात आणि चेटकीण अजून विंगेतच उभी असते. बालनाट्यं लिहिताना आणि नवीन मुलामुलींच्या संहिता वाचताना हे मला इतक्यांदा दिसलंय, की हल्ली मी आधी एकच गोष्ट विचारते: या कथेत निर्णय कोण घेतं, आणि कधी?

गोष्ट 'मग काय झालं' यावर चालते. नाटक 'आता ही काय करणार' यावर चालतं. त्यात परीकथेचा शेवट प्रेक्षकांना पाठ असतो. सिंड्रेलाला बूट बसणार हे पहिल्या रांगेतल्या चार वर्षांच्या मुलालाही ठाऊक असतं. त्यामुळे 'पुढे काय' ही उत्सुकता तुमच्या हातात नाही, 'कसं' ही मात्र पूर्ण तुमची आहे.

'हॅन्सेल आणि ग्रेटेल'चं उदाहरण घेते, कारण छोट्या नाटकासाठी इतकी तयार गोष्ट क्वचित मिळते. दुष्काळात आईबाप या बहीणभावंडांना जंगलात सोडून देतात. पहिल्या अर्ध्या भागात जे काही करायचं ते हॅन्सेल करतो. रात्री उठून पांढरे खडे तो गोळा करतो, वाटेवर तोच टाकतो, रडणाऱ्या बहिणीला धीरही तोच देतो. दुसऱ्या खेपेला खडे मिळत नाहीत म्हणून तो पावाचा चुरा टाकतो आणि पाखरं तो खाऊन टाकतात. मग चेटकीण त्याला लठ्ठ करून खाण्यासाठी जाळीच्या दाराआड कोंडते. इथून पुढे, जिला आपण आतापर्यंत रडतानाच पाहिलं, त्या ग्रेटेलवर सगळं येऊन पडतं. आणि ती सुटते कशी? चेटकिणीनं भट्टीत डोकवायला सांगितल्यावर ती म्हणते, मला जमत नाही, कसं जायचं ते दाखव. चेटकीण दाखवायला वाकते आणि ग्रेटेल तिला आत ढकलते. चेटकिणीला ते खरं वाटतं, कारण ही मुलगी रडकी आणि बावळट आहे असं ती धरूनच चालली आहे. ग्रेटेलचा रडकेपणाच तिचं हत्यार होतो. माझ्या मते या गोष्टीतलं नाटक एवढंच आहे, आणि वीस-पंचवीस मिनिटांना ते पुरून उरतं.

हे एकदा पक्कं झालं की काय गाळायचं हे सांगायला दुसरं कुणी लागत नाही. लाकूडतोड्याचं घर गेलं. आईबापांचं रात्रीचं बोलणं गेलं. खड्यांची पहिली खेपही रंगमंचावर नको. पडदा उघडतो तेव्हा दोन मुलं जंगलात आहेत, चुरा पाखरांनी खाल्लेला आहे आणि हॅन्सेल वाट शोधण्याचं सोंग करतोय. मागचं सगळं संवादांतून तुकड्या-तुकड्यांनी येऊ द्या. त्याच्या खिशात मागच्या खेपेचा एकच पांढरा खडा उरलाय असं दाखवलं, तर दोन प्रवेशांचं काम एक खडा करतो. तो नंतर ग्रेटेलच्या हातात द्या. पुढारीपण कुणाकडून कुणाकडे गेलं हे प्रेक्षकांना न सांगता कळतं.

लिहिण्याआधी मूळ रूपं मात्र वाचाच. आपल्या डोक्यात असते ती लहानपणी ऐकलेल्या, चित्रात पाहिलेल्या, सिनेमात पाहिलेल्या तुकड्यांची सरमिसळ. फ्रेंच लेखक शार्ल पेरोचा परीकथांचा संग्रह 1697 सालचा. त्यातल्या लाल टोपीवालीला लांडगा खातो आणि गोष्ट संपते. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या संग्रहाचा पहिला खंड 1812 सालचा, त्यात शिकारी येऊन आजी आणि नात दोघींना लांडग्याच्या पोटातून बाहेर काढतो. शिकारी घेतलात तर सुटकेचं नाटक होतं, नाही घेतलात तर सावध करणारं. दोन्ही करता येतात, पण कोणतं करायचं हे पहिला संवाद लिहिण्याआधी ठरलेलं असावं. सिंड्रेलाचा काचेचा बूट, भोपळा आणि परी हे सगळं पेरोकडचं. ग्रिमकडे आईच्या थडग्यावर उगवलेलं झाड आहे, पाखरं आहेत, बूट सोन्याचा आहे आणि समारंभ तीन दिवस चालतो. छोट्या रंगमंचावर भोपळ्याची बग्गी करण्यापेक्षा झाडावरून उतरणारी वस्त्रं सोपी, आणि दिसायलाही सुंदर.

ग्रिम बंधूंनी स्वतःच आपल्या गोष्टी बदलल्या, हे कळल्यावर माझा हात मोकळा झाला. 1812 च्या आवृत्तीत हॅन्सेल-ग्रेटेलला जंगलात सोडायला सांगणारी बाई त्यांची आईच आहे, ती सावत्र आई नंतरच्या आवृत्त्यांमध्ये झाली. आणखी पुढे जाऊन पाहा. याच गोष्टीवरच्या, जर्मन संगीतकार एंगेलबर्ट हुंपरडिंकच्या संगीतिकेचा पहिला प्रयोग 1893 साली जर्मनीतल्या वायमारला झाला. तिची संहिता त्याच्या बहिणीनं, आडेलहाइड वेटेनं लिहिली. तिथे दुधाचं भांडं फुटतं, आई संतापते आणि मुलांना रानात स्ट्रॉबेऱ्या वेचायला पिटाळते. मुलांना टाकून देण्याचा कटच नाही! एक कारण बदललं आणि आईचं अख्खं पात्र बदललं. तुम्हीही हे करू शकता, फक्त असा बदल कुठवर पोचतो ते शेवटपर्यंत तपासा. आई नुसती चिडलेली असेल, तर मुलं घरी परतल्यावर तिला तोंड द्यावं लागणार. मला स्वतःला आईबापांना रंगमंचावर न आणणं अधिक आवडतं. मुलांच्या बोलण्यातून जितके दिसतील तितके पुरे.

आता संवाद. सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या. गोष्टीत 'चेटकिणीला नीट दिसत नसे, म्हणून हॅन्सेल बोटाऐवजी हाड पुढे करी' असं एक वाक्य असतं. रंगमंचावर तो अख्खा प्रवेश आहे, कारण प्रेक्षकांना जे दिसतंय ते चेटकिणीला दिसत नाही. ग्रेटेलला तिथे उभी करा आणि काय होतं बघा:

चेटकीण : बोट.
(हॅन्सेल जाळीतून हाड पुढे करतो. ती चाचपते.)
चेटकीण : काटकीच अजून. वाढलेलं सगळं खाल्लंस?
हॅन्सेल : सगळं.
चेटकीण : (ग्रेटेलकडे वळून) खरं बोलतोय हा?
(ग्रेटेल हाडाकडे बघते. मोठा पॉझ.)
ग्रेटेल : हो. ताटसुद्धा चाटलं त्यानं.

'ग्रेटेलनं धीर एकवटला' असं कुणी म्हटलं नाही, पण तिनं पहिल्यांदा खोटं बोलण्याचा निर्णय घेतला आणि तो आपल्या डोळ्यांसमोर घेतला. भट्टीचा प्रवेश या एका वाक्यावर उभा राहतो. गोष्टीत चार आठवडे जातात, नाटकात हीच बोट तपासण्याची क्रिया तीनदा येऊ द्या. पहिल्यांदा सावकाश, दुसऱ्यांदा घाईत, तिसऱ्यांदा चेटकीण बोट न तपासताच म्हणते, आता थांबायचं नाही. दर वेळी मध्ये प्रकाश थोडा बदलला की दिवस गेल्याचं कळतं, ब्लॅकआउटची गरज पडत नाही. छोट्या नाटकात अंधार शक्य तितका टाळा. प्रत्येक अंधारात लहान मुलं बोलायला लागतात आणि जमलेला ताण सुटून जातो.

पात्रांना माहिती सांगायला लावू नका. 'अरे हॅन्सेल, तुला आठवतं ना, आपली आई गेल्यावर बाबांनी दुसरं लग्न केलं' असं कुठलीही बहीण भावाला सांगत नाही. तेच 'ती म्हणाली होती, लगेच येते' एवढ्यात आलं पाहिजे. चेटकिणीचं बोलणं सुरुवातीला खरोखर मायेचं लिहा, भेसूर हसणं वगैरे नको. मुलांना तिच्या घरात जावंसं वाटलं, तरच प्रेक्षकांना 'जाऊ नका' म्हणून ओरडावंसं वाटेल.

निवेदकाबद्दल माझं मत ठाम आहे: पहिला खर्डा त्याच्याविना लिहा. निवेदक हाताशी असला की अवघड जागा आली रे आली, त्याच्या तोंडी घातली जाते. खर्डा पूर्ण झाल्यावरही तो हवासा वाटला, तर त्याला गोष्टीत काहीतरी पणाला लावायला द्या. हॅन्सेल-ग्रेटेलमध्ये पाखरंच निवेदक का नकोत? चुरा त्यांनीच खाल्ला. ग्रिमच्या कथेत पांढरं पाखरूच मुलांना चेटकिणीच्या घराकडे नेतं आणि शेवटी बदक पाण्यापलीकडे पोचवतं. म्हणजे पाखरांना अपराधही आहे आणि भरपाईही. शाळेच्या नाटकात पंधरा-वीस मुलांना काम द्यायचं असतं, तिथे हा समूह फार उपयोगी पडतो. झाड होऊन उभं राहणाऱ्या मुलाला कंटाळा येतो, आणि तो प्रेक्षकांना दिसतो.

नेपथ्याची चिंता कमी करा. मूळ कथेतलं घर पावाचं, छप्पर केकचं आणि खिडक्या साखरेच्या आहेत. तुम्हाला एक चौकट आणि खिडकीचा एक तुटणारा तुकडा पुरतो, बाकीचं घर उपाशी मुलांच्या खाण्यातून उभं राहतं. भट्टी मागच्या बाजूला ठेवा, आतून तांबडा प्रकाश सोडा, खरी आग कधीही वापरू नका. चेटकीण वाकते, दार लागतं, कडी पडल्याचा आवाज येतो. किंकाळीपेक्षा ती कडी जास्त परिणाम करते, आणि लहान मुलं घाबरून रडतही नाहीत. पण हा प्रसंग गाळून चेटकिणीला माफी मागायला लावू नका. मुलांना त्या भट्टीची वाट बघायची असते. प्रत्येक परीकथेत असे दोन-तीन टप्पे असतात, ते काढले तर प्रेक्षकांना फसवल्यासारखं वाटतं.

हक्कांचं थोडक्यात: पेरो, ग्रिम, अँडरसन यांच्या मूळ कथा सर्वांना खुल्या आहेत. एखाद्याचा अलीकडचा अनुवाद, सिनेमातली गाणी, वेषभूषा, नावं मात्र खुली असतीलच असं नाही. हिमगौरीच्या सात बुटक्यांना ग्रिमकडे नावंच नाहीत, जगभर माहीत असलेली नावं डिस्नेच्या 1937 च्या सिनेमातली आहेत. तुमच्या बुटक्यांची नावं तुम्हीच ठेवा.

रंगसूचनांमध्ये दिसेल किंवा ऐकू येईल तेवढंच लिहा. 'ग्रेटेलला बालपण आठवतं' हे कोणत्याही नटीला करता येत नाही, 'ग्रेटेल खिशातला खडा चाचपते' हे येतं.

खर्डा झाला की तो स्वतः मनात वाचू नका, चार जणांना मोठ्यानं वाचायला बसवा आणि तुम्ही गप्प राहा. घड्याळ लावा, पण लक्षात ठेवा की वाचनात पंधरा मिनिटं घेणारं नाटक हालचाली आणि पॉझ आले की लांबतं. वाचणारा जिथे अडखळतो तिथे बहुधा वाक्य लेखी भाषेत अडकलेलं असतं, ते त्याला त्याच्या शब्दांत बोलायला सांगा आणि तसंच लिहून घ्या. ऐकणाऱ्यांत दोन-तीन मुलं असतील तर उत्तम. ती कुठे चुळबुळ करतात तिथे खूण करा. बहुतेकदा ती खूण तुमच्या सगळ्यात लाडक्या भाषणावर पडते. ते भाषण कापून पुढच्या वाचनाला या, आणि त्याची आठवणही कुणी काढली नाही तर तालमींना सुरुवात करा.