शनिवारी एक तास पोरांना वाचायला बसवायचं असेल तर

तीन वर्षं झाली, दर शनिवारी सकाळी मी घराजवळच्या मनपा शाळेत दुसरी-तिसरीच्या पोरांबरोबर वाचायला बसते. मी काही डीएड-बीएड नाही, अकाउंट्सची नोकरी आहे माझी. सध्या ओळखीतल्या दोघी-तिघी विचारतायत कसं सुरू करायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी मुख्याध्यापकांना भेटा. साधा अर्ज, आधारची झेरॉक्स, आणि कुठला वार, किती वाजता, किती महिने हे स्पष्ट सांगा. शाळांनी हौशी लोक खूप बघितलेत, येतात, खाऊ वाटतात, फोटो काढतात आणि परत फिरकत नाहीत. मला तर एका बाईंनी तोंडावर विचारलेलं, "दिवाळीनंतर याल ना नक्की?" राग आला होता तेव्हा, आता वाटतं बरोबरच विचारलं. परिपाठ झाल्यावरचा तास मागून घ्या, खिचडीच्या जवळचा नको, कुकरचा वास आला की पोरं गेलीच समजा. बसायचं व्हरांड्यात, सगळ्यांना दिसेल असं, एकट्या मुलाला घेऊन बंद खोलीत कधीच नाही, आणि पोरांचे फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत, कितीही गोड आले तरी. मुलं चार-पाचच घ्या, पंधरा घेतलीत की तो वर्ग होतो आणि वर्ग सांभाळायचं काम आपलं नाही.

पहिल्या दिवशी शिकवायचं काहीच नाही, फक्त कोण कुठवर वाचतंय ते बघायचं. मुलांना कितपत वाचता येतं ते बघणारं प्रथम संस्थेचं असर सर्वेक्षण २००५ पासून चालू आहे, त्यांचीच पद्धत वापरा, एका कागदावर काम होतं. अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून करायची, तो न अडखळता आणि तीनपेक्षा जास्त चुका न करता वाचला तर गोष्ट द्या, नाही जमला तर शब्दांवर या, पाचपैकी चार नीट आले तर मूल शब्दावर आहे, नाहीतर अक्षरं. इयत्ता विसरा. तिसरीतला मुलगा अक्षरावर असेल तर त्याला अक्षरावरूनच घ्यायचं, पुस्तकातला धडा पुढे सरकवून काही होत नाही.

आणि हा कागद पाठ्यपुस्तकातला नको! माझ्या गटातला एक मुलगा पहिल्या दिवशी धडा असा खडाखडा वाचत होता की मला वाटलं याला इथे पाठवलंय कशाला, बोटही ओळीवरून फिरतंय छान, मग लक्षात आलं की बोट दुसऱ्या ओळीवर आहे आणि तोंड चौथ्या. मी सहज पानावर हात ठेवला तरी गडी थांबलाच नाही, स्वल्पविरामाला श्वास घेत शेवटपर्यंत गेला. ऐकून ऐकून सगळा धडा पाठ! त्याच धड्यातला "पाऊस" वेगळा चिठ्ठीवर लिहून दिला तर प कुठला ते सांगता येईना. अशी पोरं बरीच भेटतील, लबाड म्हणू नका, एवढं पाठ करणारं डोकं आहे ना, मग वाचायलाही येणार.

अक्षरं क-ख-ग-घ अशी ओळीने घेत नाही मी, त्याचंही गाणं होतं. र, म, क, स, न, घ, ब एवढी आणि लगेच काना, की राम, नाक, मका, बस, घर हे पहिल्या आठवड्यातच वाचता येतं आणि पोरांचा चेहरा बघण्यासारखा होतो. घ-ध, भ-म, ब-व यांत गोंधळ होणारच, ख ला "रव" म्हणतात, "सूर्य"ला "सुयर". रफारावर घाई नको, तो लिहायचा एका अक्षराच्या डोक्यावर आणि म्हणायचा त्याच्या आधी, मोठ्यांनाच विचित्र वाटावं असं आहे ते.

सगळ्यात अवघड काम म्हणजे गप्प बसणं. मूल अडलं की आपल्या तोंडातून शब्द सुटतोच. मनात पाच आकडे मोजा. नाहीच आलं तर पहिलं अक्षर दाखवा, मग सांगून मोकळं व्हा, ताणू नका. आणि पाणी लिहिलेलं "पानी" वाचलं तर ती चूक धरू नका हो, घरी तसंच बोलतात, त्याला शब्द कळलाय. बोली सुधारायला गेलात तर पुढच्या शनिवारी तोंडच उघडणार नाही.

कंटाळा आला की मी पुस्तक मिटते आणि विचारते काल काय झालं. एकजण म्हणाली, "आमच्या बकरीला दोन पिल्लं झाली, एक काळं हाय." तसंच्या तसं मोठ्या अक्षरात लिहून दिलं, "हाय" सकट. शब्दावर अडणारी ती पोरगी, पण वाक्य स्वतःचंच असल्यामुळे तिने बोट ठेवून वाचलं, मग कागद कापून शब्द वेगळे केले, उलटसुलट लावले, "पिल्लं" तीन वेळा शोधलं. कागद घरी घेऊन गेली ती.

शेवटची दहा मिनिटं गोष्ट आपण वाचून दाखवायची, प्रश्न नाहीत, तात्पर्य तर अजिबात नाही. स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी चित्रगोष्टी फुकट मिळतात, बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही ऑनलाइन आहेत, पण ते थोड्या मोठ्या पोरांना जमतात.

केंद्र सरकारच्या निपुण भारत कार्यक्रमात तिसरीला मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून, असं उद्दिष्ट आहे. शिक्षकांना ते बघावं लागतं, तुम्ही मात्र पोरासमोर मोबाईलचं स्टॉपवॉच लावू नका. एका वहीत तारीख, नाव, कुठे अडलं एवढं लिहा आणि महिन्यातून एकदा वर्गशिक्षिकेला दाखवा, तिच्याकडे चाळीस पोरं असतात, तिला खरंच उपयोग होतो. शनिवार चुकणार असेल तर आदल्या शनिवारी पोरांना स्वतः सांगा, गेटवर वाट बघत बसतात.

जूनमध्ये शाळा उघडली की तोच कागद घेऊन परत पहिल्यापासून तपासा, सुट्टीत जोडाक्षरं हमखास विसरलेली असतात, दोन-तीन शनिवारांत येतात परत.